समुद्रातला हत्तीगोटा

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर एप्रिलच्या दुपारी कोणी कोणाकडे बघत नाही. ज्याला त्याला आपापला घाम पुरे होतो. खुशबूनं मात्र बघितलं, आणि तेही सरळ एका अनोळखी मुलाच्या छातीकडे. यात तिचा दोष नव्हता. त्याच्या निळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघेनं एक आकृती काढली होती: आधी फुगीर पाठ, मग एक खाच, मग डोकं आणि डोक्यावरून खाली घसरत गेलेली सोंड.

"काय पाहून राहिल्या?" त्यानं विचारलं.

दुसरी एखादी असती तर ओढणी सावरून चार पावलं लांब गेली असती. खुशबू मोहाडीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायची. मागच्या बाकावरच्या पोरांना उत्तरं देऊन देऊन तिची जीभ चांगली धारदार झाली होती.

"तुमच्याकडे नाही," ती म्हणाली. "हत्तीगोट्याकडे पाहून राहिली. आमच्या तलावात खडक आहे, हुबेहूब असाच."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हलायचा आणि दुसरा मागून यायचा, हे तिनं पहिल्याच भेटीत टिपलं आणि स्वतःवरच चिडली. तो सांगू लागला की हा गोटाबिटा नाही, ही पुंडलिक टेकडी आहे. समुद्राच्या तळावर चाळीस मीटर उंच उभी. त्याच्या विद्यापीठाच्या सागरी भूभौतिकी विभागानं लावलेला सगळ्यात मोठा शोध, म्हणून तर ती टी-शर्टवर, चहाच्या कपावर, विभागाच्या पत्रावरसुद्धा छापलेली असते.

"अन् तुमी तिले गोटा म्हणून राहिल्या."

"गोट्याले गोटाच म्हणतात बाप्पा."

आंधळगावची बस आली. दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली, म्हणजे त्यानं ती मिळवली. त्याचं नाव निकेश. घर भंडाऱ्यातच, आईचं पितळी भांड्यांचं दुकान. पण शिकायला तो समुद्रकाठच्या विद्यापीठात गेला होता आणि त्या टेकडीवरच पीएचडी करत होता. विभागाला यंदा पन्नास वर्षं झाली होती. त्यानिमित्त विभागाचा इतिहास लिहायचा होता आणि ते काम हेडसरांनी त्याच्या गळ्यात घातलं होतं. आंधळगावजवळ तेजराम नावाचे जुने तंत्रज्ञ राहतात, त्यांना शोधायचं होतं. ओळखता का, असं त्यानं विचारलं. खुशबूनं मोहाडी येईपर्यंत नुसतं 'पाहू' म्हटलं. मोहाडी मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "माझे बाबा आहेत."

तेजराम सदतीस वर्षं त्या विभागात होते. घराण्यातली पहिली पक्की नोकरी. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत जुने कागदी रोल घेऊन आले होते. विभागाची इमारत बदलताना ते रद्दीत चालले होते, त्यांना बघवलं नाही. खुशबूची आई धुरपताबाई म्हणायची की गोधड्या ठेवायला जागा नाही आणि यांनी समुद्र आणून ठेवला. त्या पेटीसाठी कोणी एवढ्या लांबून येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

निकेश दर दोन दिवसांनी येऊ लागला. तेजराम ओसरीवर बसून इतिहास सांगायचे आणि तो लिहून घ्यायचा. विभाग म्हणजे सुरुवातीची दहा वर्षं एक खोली आणि उसनं आणलेलं एक यंत्र. विभाग काढणारे पुंडलिकराव सर मूळचे लाखांदूरकडचे. समुद्रावर नेण्याआधी यंत्र शांत पाण्यात तपासायला हवं, आणि शांत पाण्याला आमच्या जिल्ह्यात काय तोटा, असं म्हणून त्यांनी सगळा पसारा इथल्या तलावावर आणला. दोन डोंगे एकमेकांना बांधले, वर फळी टाकली, फळीवर यंत्र. यंत्र पाण्यात आवाज सोडायचं, तळाला आपटून तो परत यायचा आणि कागदावर तळाची रेघ उमटायची. समुद्राचं चुंबकत्व मोजणारं यंत्र होतं, त्याचं बाहेरचं कवच तर भंडाऱ्याच्या कासारांनी पितळेचं घडवून दिलं होतं, कारण लोखंड चालत नाही. तेव्हा तेजराम बारावी होऊन घरी बसलेले. फळीवर बसायला सरांनी त्यांना बोलावलं आणि पुढे विद्यापीठातच नेलं.

जहाजावर चार तासांचा पहारा असायचा. यंत्रासमोर बसायचं आणि दर पाच मिनिटांनी रोलवर पेन्सिलीनं वेळ, दिशा, वेग लिहायचा. काही घडो न घडो, नोंद चुकायची नाही.

निकेशनं ही पद्धत लगेच उचलली. वहीच्या समासात तो लिहू लागला: ४.३५ चहा आला. ४.४० चहा आणणारी गेली. ४.४५ पुन्हा आली, काही कारण नसताना.

"कारण होतं," खुशबूनं वाचून सांगितलं. "कपबशी न्यायची होती."

"मंग कपबशी अजून इथंच काहून आहे?"

तिनं कपबशी उचलली आणि आत गेली. कान मात्र तापले होते… आणि ते उन्हानं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

रोल उलगडायला दोघं लागायचे. एका टोकाला ती, एका टोकाला तो, मध्ये दहा हात कागद. दिवस गेले तसा मधला कागद कमी होत गेला. तेजराम सगळं बघायचे आणि चष्मा पुसत बसायचे. फक्त एक गोष्ट होती. निकेशनं पुंडलिक टेकडीचा विषय काढला की त्यांना पाणी प्यावंसं वाटायचं, नाहीतर गुरांकडे जायचं आठवायचं.

एका दुपारी अवकाळी पाऊस आला, गारा घेऊनच. ओसरीवर सात रोल पसरलेले. दोघं धावली, ताडपत्री ओढली, आणि तिच्याखाली रोल पोटाशी धरून गुडघ्याला गुडघा लावून बसली. ताडपत्रीवर गारा तडतडत होत्या. निकेशच्या केसांतून एक थेंब तिच्या मनगटावर पडला, आणि तिनं तो पुसला नाही.

"खुशबू…" तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. नोंद करून राहिलो."

ती हसली आणि हसण्यात तिच्या हातातला रोल सुटला. तो आपल्याच तलावाचा होता, मार्च १९८५ चा, वर बाबांचंच अक्षर. तळाची सपाट रेघ चालत आली होती, एका जागी वर चढू लागली होती, आणि तिथंच कागद संपला होता. फाटला नव्हता, ब्लेडनं सरळ कापलेला होता. पलीकडचा तुकडा नव्हता. निकेशचं तिकडे लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. खुशबू मात्र त्या चढत्या रेघेकडे बघत राहिली. हत्तीची पाठ अशीच सुरू होते.

निकेश गेल्यावर तिनं तो रोल बाबांपुढे ठेवला. तेजरामांनी तो हातातही घेतला नाही. चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं त्यांनी लेकीला पाच मिनिटांत सांगून टाकलं.

समुद्रावरची त्यांची ती दुसरीच फेरी होती. पहारा पहाटेचा, समुद्र खवळलेला. यंत्राची सुई मोडली आणि तेजराम बादलीत तोंड घालून पडले ते चाळीस मिनिटं उठलेच नाहीत. उठून बघतात तर कागद कोराच सरकत गेलेला. आदल्याच आठवड्यात जहाजावरचा एक बडा संशोधक सरांना म्हणाला होता की खेड्यातून उचलून आणलेली ही माणसं समुद्रावर टिकायची नाहीत. नोकरी गेली असती तर घरचे सात जण उपाशी राहिले असते. यंत्राच्या पेटीत तलावावरच्या तपासणीचा रोल पडलेला होता. कागद तोच, यंत्र तेच. फक्त एक बटन फिरवलं की कागदावरच्या चार मीटरचे चाळीस मीटर होतात. त्यांनी न बघता एक तुकडा कापला, कोऱ्या जागी चिकटवला आणि वर वेळा लिहून दिल्या.

"मले वाटलं, सपाट तळच असन. कोण पाहते?" तेजराम म्हणाले. "अन् सकाळी सर नाचून राहिले होते. साऱ्या जहाजाले चहा पाजला. मले पोटाशी धरलं."

उद्या सांगू म्हणता म्हणता पेपर छापून आला, टेकडीला सरांचं नाव मिळालं, सर वारलेही. दोनदा जहाजं जाऊन टेकडी शोधून आली आणि ती सापडली नाही. त्या काळी जागा नीट मोजता येत नसे, म्हणून विभागानं ठरवलं की टेकडी आहे, जागा तेवढी चुकली. आणि आता निकेश तिच्यावर पीएचडी करत होता, हिवाळ्यात तिसरं जहाज जाणार होतं.

खुशबूनं रोल पुन्हा गुंडाळून ठेवला. मग तिनं जे केलं, त्याचा पस्तावा तिला पुढे जन्मभर पुरणार होता. तिनं बाबांना सांगितलं की निकेशला सांगून टाका. तेजराम नको म्हणाले, हातापाया पडल्यासारखे नको म्हणाले. लोक थुंकतील, सरांचं नाव जाईल.

"तो तसा नाही, बाबा. तो नीट लिहीन, तुमची इज्जत ठेवून लिहीन. मी सांगते ना. माझ्यावर भरवसा ठेवा."

लेकीवर भरवसा ठेवायचा नाही तर कोणावर? दोन दिवसांनी तेजराम निकेशला तलावावर घेऊन गेले, खुशबूही मागोमाग गेली. पाणी आटलं होतं, हत्तीगोटा पोटापर्यंत उघडा पडला होता आणि त्याच्या पाठीवर दोन म्हशी बसल्या होत्या. तेजरामांनी तो कापलेला रोल त्याच्या हातात दिला, समोर बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.

निकेशचा चेहरा उतरला. तो गोट्याकडे बघे, रोलकडे बघे, पुन्हा गोट्याकडे बघे. चार वर्षं ज्या टेकडीवर काढली ती म्हशींच्या खाली होती. खुशबूला वाटलं, आता हा ओरडणार, रोल फेकणार, निघून जाणार… पण निकेश वाकला आणि त्यानं तेजरामांचे पाय धरले.

"काका, एवढं खरं बोलाले छाती लागते. मी हे जसंच्या तसं लिहीन."

तेजराम बांधावर बसून लहान मुलासारखे रडले. घरी जाताना त्यांची पाठ सरळ झाली होती, हे खुशबूनं मागून पाहिलं.

बांधावर दोघंच उरली. निकेश बराच वेळ पाण्यात खडे टाकत होता. मग म्हणाला की आता पीएचडी पुन्हा पहिल्यापासून, दोन वर्षं तरी जातील. थांबशील?

"कायसाठी?" तिनं मुद्दाम विचारलं.

"माझ्यासाठी. अजून काय आहे माझ्यापाशी? एक टेकडी होती, ते तुह्या बापानं नेली."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "थांबन," ती म्हणाली. "दोन कायले, चार वर्षं थांबन."

तो परत गेला तो सगळे रोल घेऊन गेला, कापलेलाही. विभागाच्या संग्रहालयात नीट राहतील म्हणाला. रोज फोन यायचा. जूनमध्ये त्याची आई निर्मलाबाई घरी येऊन गेली. धुरपताबाईनं दारातून जयभीम केला, निर्मलाबाईनं हात जोडले, चहा घेतला, पितळेची एक सुंदर परात ठेवून गेली. दोन समाजांतलं सोयरपण इतक्या सहज जुळत नाही. गावात दहा तोंडं दहा बोलत होती. पण दोन्ही आयांनी मान डोलावली होती. खुशबू त्या दिवसांत नुसती तरंगत होती.

इतिहासाचं पुस्तक नोव्हेंबरात कुरिअरनं आलं. शिवारात धान कापणीला आला होता. तेजराम शेतावर जायचे थांबले, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले आणि पान पान उलटू लागले. डोंगे होते, भंडाऱ्याचे कासार होते. मग टेकडीचं पान आलं, रंगीत, दोन पानांवर पसरलेलं. खाली लिहिलं होतं: 'या ऐतिहासिक क्षणी पहाऱ्यावर होते श्री. तेजराम. टेकडीचं पहिलं दर्शन त्यांना झालं. त्या पहाटेची आठवण सांगताना आजही त्यांचे डोळे पाणावतात.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मी चाळीस वर्षांनी खरा झालो होतो," ते म्हणाले. "त्यानं मले पुन्हा खोटा केला."

खुशबूनं त्याच मिनिटाला फोन लावला. निकेश त्या दिवशी तिच्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलला. तेव्हाच तिला कळायला हवं होतं. हेडसरांना सगळं सांगितलं होतं म्हणे. ते म्हणाले, सुवर्णमहोत्सवात असं छापलं तर विभाग बंद पडेल, जहाजाची मंजुरी जाईल, सहा जणांच्या पीएचडी बुडतील. आणि शेवटी त्यानं तेजरामांच्या मानासाठीच ते वाक्य घातलं होतं. त्यांचा सत्कारही ठरला होता.

"अन् तिसरं जहाज जाऊन टेकडी नाही सापडली तर?"

"जागा चुकली म्हणू. त्याची सवय आहे विभागाला."

मग हळूच, आपल्या नेहमीच्या बोलीत म्हणाला, "खुशबू, आपल्या दोघांचं पाहा ना. मले तिथं नोकरी भेटून राहिली. मी तुह्यासाठीच…"

"माह्यासाठी नको करू," ती म्हणाली. "मले सांग, बाबांनी विभागाले चिठ्ठी लिहिली तर तू ते इतिहासाच्या समितीपुढे ठेवशील का? एक दुरुस्तीचा कागद पुस्तकात चिकटव, बस. एवढं केलं तर मी आत्ता येते तुह्यासंगं, सत्कारालेही येते."

मग तो म्हणाला, "पाठवा. पाहतो."

तेजरामांनी तीन दिवस बसून चिठ्ठी लिहिली. तारीख, वेळ, मोडलेली सुई, कापलेला रोल, हत्तीगोटा, सारं. शेवटी लिहिलं की दोष सरांचा नाही, माझा एकट्याचा आहे. खुशबूनं ती रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. महिनाभर निकेशचे फोन येत होते, तिनं उचलले नाहीत. पोस्टमनची मात्र ती रोज वाट पाहायची. तिला अजूनही खात्री होती. तलावाच्या बांधावर पाय धरणारा मुलगा खोटा असूच शकत नव्हता.

उत्तर आलं तेव्हा तेजरामांच्या चष्म्याची काच तडकलेली होती. "तूच वाच," ते म्हणाले.

पाकिटावर ती टेकडी छापलेली होती. आत चार ओळी. खुशबूनं आधी मनात वाचल्या. एक क्षण तिला वाटलं, काहीतरी दुसरंच वाचावं. बाबांना काय कळणार आहे! पण मग तिच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला असता? तिनं अक्षर न् अक्षर वाचलं.

'आपलं पत्र मिळालं. वयोमानानुसार स्मृतीत गफलत होणं स्वाभाविक आहे. आपण उल्लेख केलेला रोल संग्रहात आढळत नाही. विभागाला आपल्या सेवेबद्दल नितांत आदर आहे. समितीच्या वतीनं, सचिव.' आणि खाली सही.

"कोणाची सही आहे?"

"निकेशची."

अंगणात धुरपताबाई धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं. तेजरामांनी लेकीकडे पाहिलं. स्वतःचं काय झालं ते त्यांना दिसत नव्हतं. लेकीचं तोंड तेवढं दिसत होतं.

"तो तुले आवडत होता ना?"

"आवडत होता कायले? अजून आवडते," खुशबू म्हणाली. "तेच तर आहे, बाबा."

"मंग असं कर." तेजरामांचा आवाज अगदी मऊ झाला. "मी भुललो, असंच म्हणू आपण. म्हातारा माणूस आहो. कोणाचं काय जाते? मी म्हणतो साऱ्याले का मले काही आठवत नाही. तू हो म्हण त्याले, पोरी."

तेव्हा मात्र तिला रडू कोसळलं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं तितकं आलं. ती बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, निकेशसाठी रडली, त्या एका गालानं आधी हसणाऱ्या मुलासाठी. तेजराम तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. मग तिनं तोंड पुसलं, फोन घेतला, आणि बाबांच्या समोरच नंबर लावला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला.

"खुशबू? मी तुले सांगतो, समितीनं…"

"बाबांले सारं आठवते," ती म्हणाली. "मलेही आठवते, अन् तुलेही आठवते. परात आईसंगं पाठवून देते. आता फोन नको करजो."

गावात सगळे म्हणाले की जात आड आली. पोराकडचे शेवटी मागे सरले, दुसरं काय होणार. खुशबूनं कोणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी पहिला प्रश्न तोच आला असता की तुमच्या बापाला नीट आठवतं का. परात घेऊन धुरपताबाई सकाळच्या बसनं भंडाऱ्याला गेली, आणि खुशबू लग्नाविना काढायच्या आयुष्याचा पहिला तास घ्यायला मोहाडीला गेली. त्या दिवशी वर्गात महासागरांचा धडा होता. तिनं तो वगळला आणि नद्या शिकवल्या.